आधी पैसा येऊ द्या, समाज मागून आपोआप सुधारतो, हे खरं आहे का?

तुमच्या मित्राचं म्हणणं तुम्ही प्रश्नात दिलंय: भारतासारख्या देशांनी आधी पैसा कमवावा, शाळा, दवाखाने, बायकांचं स्थान, जुन्या रूढी हे सगळं नंतर आपसूक सुधारतं, त्यासाठी वेगळा जीव काढायची गरज नाही. ते कितपत खरं, असं तुम्ही विचारलंय.

मी अर्थशास्त्र शिकलेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यात उपकेंद्रांवर एएनएम म्हणजे गावची आरोग्यसेविका म्हणून एकतीस वर्षं नोकरी केली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पण पैसा येताना मात्र मी अगदी जवळून बघितलाय. नोकरीला लागले तेव्हा माझ्या गावांत कौलारू घरं होती आणि पाणी आलं तेवढ्याच रानात ऊस होता. मग नदीवरून पाणीपुरवठा संस्थांच्या पाइपलाइनी माळापर्यंत पोचल्या, माळ हिरवा झाला, घरांवर स्लॅब पडले, दारात ट्रॅक्टर आले. हे सगळं पंधरा-वीस वर्षांत झालं.

त्याच वर्षांत माझ्या गरोदर मातांच्या रजिस्टरमध्ये एक गोष्ट दिसायला लागली. एक घर सांगते. दोन मुलींवर तिसरी खेप. अडीच महिन्यांची असताना नाव नोंदवलं, टीटीचं (धनुर्वाताचं) इंजेक्शन दिलं, पुढच्या महिन्यात यायचं ठरलं. पुढच्या वेळी गेले तर सासू दारातच. "न्हाई ऱ्हायलं ओ बाई. मोटरसायकलवरनं गेलती म्हायेराला, दणकं बसलं." मी रजिस्टरमध्ये गर्भपात लिहिलं. त्या एका हंगामात चार घरांत पोट पडलं आणि चारही ठिकाणी मोटरसायकल. चारही घरांत आधीच्या मुली. आणि चारही घरांत ती मोटरसायकल उसाच्या बिलावर घेतलेली.

पोटात मुलगी आहे का हे बघायच्या सोनोग्राफीलाही पैसे लागायचे, नंतरच्या 'कामाला', म्हणजे गर्भ पाडायला, त्याहून जास्त. पूर्वी मुलगा हवा म्हणून घरं पाच-पाच मुली होऊ द्यायची. आता शिकलेलं, सुधारलेलं घर दोनच मुलं म्हणायला लागलं (आम्हीच तसं शिकवलं होतं, भिंतीभिंतीवर रंगवलं होतं). आता दोनांत एक मुलगा बसवायचा तर दुसऱ्या खेपेला 'बघून घ्यायला' लागतं. त्यात उसाची जमीन म्हणजे सोनं, सातबाऱ्यावर नाव कुणाचं लागणार ही धास्ती. म्हणजे कुटुंब लहान झालं, जमीन महाग झाली, मशीन जवळ आली आणि मुलग्याची हाव होती तिथेच राहिली.

तुमच्या मित्राला जनगणनेचे आकडे दाखवा. कोल्हापूर जिल्ह्यात १९९१ ला सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली नऊशेच्या वर होत्या. २००१ ला ८३९. त्याच वेळी राज्याची सरासरी ९१३. उसाचा, दुधाचा, चांदीचा, फौंड्र्यांचा हा जिल्हा राज्यातल्या सगळ्यात खालच्या जिल्ह्यांत जाऊन बसला. आणि गडचिरोली, जिथे पैसा पोचलाच नाही असं आपण म्हणतो, तिथे २०११ ला ९५० च्या वर. पण यावरून 'गरिबीच बरी' असला निष्कर्ष काढू नका. बीडही श्रीमंत नाही आणि तिथे २०११ चा आकडा ८०७, राज्यात सर्वांत कमी. पैशाचा आणि मुलींच्या संख्येचा सरळ संबंध कुठल्याच दिशेने लागत नाही.

जगातही तेच दिसतं. संयुक्त राष्ट्रं १९९० पासून मानव विकास निर्देशांक काढतात. पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी तो सुरू केला, आपले अमर्त्य सेन त्यांच्या सोबत होते. आमच्याकडच्या माणसाला तो समजवायला डेअरीचा दाखला पुरतो. दूध नुसतं लिटरवर घेत नाहीत, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग) लावून दर काढतात. तसं हा निर्देशांक देशाचं उत्पन्न बघतो, त्याच्या जोडीला माणूस किती वर्षं जगतो आणि किती वर्षं शाळेत जातो हेही बघतो. २०१० पासून तिन्हींचा गुणाकार करून घनमूळ काढतात, त्यामुळे एक बाजू पातळ असली तर दुसरीच्या जोरावर ती सहज झाकता येत नाही. २०२५ च्या अहवालात भारत १९३ देशांत १३० वा. बांगलादेशचं दरडोई उत्पन्न आपल्याहून थोडं कमी, आयुर्मान जास्त, आणि क्रमांक आपल्याच बरोबरीला. श्रीलंका २०२२ ला कर्ज फेडू शकली नाही, पेट्रोलसाठी रांगा लागल्या, तरी या यादीत ती आपल्या बरीच वर आहे, कारण शाळा आणि दवाखाने तिथे फार आधीपासून फुकट आणि जवळ आहेत. उलट आफ्रिकेतल्या इक्वेटोरियल गिनीला तेल सापडलं, दरडोई उत्पन्न आपल्या पुढे गेलं, पण तिथला माणूस आपल्यापेक्षा कमी जगतो. लिटर भरपूर, फॅट लागत नाही.

मित्राची बाजूही थोडी घेते. पैशाने काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. रस्ते झाले म्हणून रात्री बाळंतीण दवाखान्यात पोचायला लागली. घरची बाळंतपणं माझ्या डोळ्यांदेखत संपली. पोरं बुटात शाळेला जायला लागली.

आता आमच्याकडची एक गंमत. इथे घरात दोन पैसे येतात. एक उसाचं बिल आणि एक दुधाचं. उसाचं बिल कायद्याने ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत यायला हवं. येतं तेव्हा एकरकमी येतं आणि मालकाच्या खात्यावर येतं, कारण जमीन त्याची. त्यातून सोसायटीचं कर्ज फिटतं, उरलेल्यात ट्रॅक्टर, स्लॅब, लग्न, जत्रेचं मटण. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं आणि थोडं थोडं येतं. डेअरीच्या पुस्तकावर नाव पुष्कळदा नवऱ्याचंच, पण वैरण आणणारी, शेण काढणारी, पहाटे धार काढून किटली घेऊन जाणारी बाई, आणि बिल उचलायलाही तीच. पोरीची वह्या-पुस्तकं, कॉलेजची एसटी, माझ्याकडे बाळ दाखवायला यायचं रिक्षाभाडं, हे मी कायम दुधाच्या पैशातून होताना बघितलं. तेच घर, तीच माणसं, फक्त पैसा कुणाच्या हातात पडतो त्यावर त्याचं काय होतं ते ठरायचं. म्हशी वाढलेल्या घरात पोरी पुढे शिकल्या, असं मी अनुभवाने सांगेन. कुणी याचा नीट अभ्यास केला तर मला वाचायला आवडेल.

आणि हे उसाचं बिल ज्यांच्या जिवावर येतं त्यांचं काय? दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या यायच्या, तेव्हा मी फडावर खोपटांत जाऊन लसीकरण करत असे. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, नवऱ्याने घेतलेली, आणि ती फिटेपर्यंत बाईने गरोदर असली तरी मोळ्या उचलायच्या. बीडकडच्या या बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जातात, हा विषय २०१९ ला विधिमंडळात गाजला, समितीही नेमली गेली. आमच्या जिल्ह्याच्या श्रीमंतीत हा हिशोब कुणी धरत नाही.

'आधी पैसा' म्हणणाऱ्यांना कोल्हापुरात उत्तर द्यायला फार लांब जायला लागत नाही. आमच्या उसाला पाणी आलं ते राधानगरी धरणामुळे. धरणाचं काम शाहू महाराजांच्या काळात सुरू झालं आणि पुरं व्हायला १९५० चं दशक उजाडलं. महाराज त्या पाण्याच्या पैशाची वाट बघत बसले नाहीत. १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंग (विद्यार्थी वसतिगृहं) काढायला लागले. १९०२ ला मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीत निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. त्याच वर्षी विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला. संस्थान काही सोन्यात लोळत नव्हतं.

पण मग तुम्ही विचाराल, ज्या जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी शाळा सक्तीची झाली त्याच जिल्ह्यात ८३९ कसं? बरोबर आहे, मीही हा प्रश्न स्वतःला विचारलाय. २०११ ला इथली साक्षरता ८१ टक्क्यांच्या वर होती. शिकलेल्या सुना होत्या, शिकलेले डॉक्टर तर होतेच, त्यांच्याशिवाय हे झालंच नसतं. म्हणजे शिक्षणही एकदा देऊन पुढचं आपोआप होत नाही.

थोडाफार फरक पडला तो कुणीतरी मुद्दाम आडवं गेलं तेव्हा. लक्ष्मीकांत देशमुख इथे जिल्हाधिकारी असताना, २०१० च्या सुमारास, जिल्ह्यातल्या सोनोग्राफी मशीनना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं यंत्र जोडायला लावलं. केलेली प्रत्येक तपासणी त्यात साठायची, आणि प्रत्येक तपासणीचा फॉर्म ऑनलाइन भरायला लागायचा. रेडिओलॉजिस्टांची संघटना कोर्टात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ ला जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश उचलून धरला. २०११ च्या जनगणनेत आकडा ८६३ वर आला. याचं सगळं श्रेय त्या यंत्राला देता येत नाही, ते बसून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. शिवाय गिऱ्हाईक सीमेपलीकडे कर्नाटकात जायला लागलं, हे आम्हाला कळत होतं. पण गावात भीती बसली हे खरं. 'मोटरसायकलवरून पडलं' हे उत्तर मला नंतर फार ऐकायला मिळालं नाही.

दुसरं उदाहरण शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडचं. शिरोळ म्हणजे कृष्णाकाठ, काळी जमीन, दाट ऊस, तालुका खाऊनपिऊन सुखी. तरी नवरा गेला की बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची, हे तिथेही २०२२ पर्यंत चालू होतं. कोरोनात तरुण बायका विधवा झाल्या, त्यानंतर मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेने ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाला खर्च किती आला असेल? चहापाण्याचा. तो उसाच्या पन्नास हंगामांत होऊ शकला असता, झाला नाही, कारण कुणी मांडला नव्हता. मांडला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं बदललं असंही नाही. ठराव करून फाइलला लावणारी गावंही मला माहीत आहेत.

आता माझंच सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई सगळ्या गावाला शहाणपण शिकवते. (आमच्याकडे बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, त्यावरून बाहेरच्या लोकांचा समज होतो की कोल्हापुरात बायकांचंच चालतं.) २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा मिळाला. पुढच्याच वर्षी आमचे दादा, म्हणजे वडील, वारले. वारसनोंदीच्या वेळी मला दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात बोलावलं आणि मी हक्कसोडपत्रावर सही केली. शिकलेली, सरकारी पगार घेणारी, 'मुलगी वाचवा'च्या फेरीत पुढे झेंडा धरणारी. भावाने एका शब्दाने मागितलं नव्हतं. आईने फक्त विचारलं, "तुझं म्हायेर तुटायला नगं, न्हवं?" साडेतीन एकर बागायत, दोन मिनिटांत.

भाऊ चांगला आहे. दरवर्षी गुऱ्हाळ लागलं की गुळाचे दोन रवे पाठवतो. गूळही चांगला असतो, रसायन न घातलेला.