लडलो नीट बघायचं तर किल्ल्याआधी बाजार बघा

तुम्ही विचारलंय की इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातल्या लडलोसाठी एकच दिवस हाताशी आहे, किल्ल्याखेरीज काय बघावं, आणि इतक्या जुन्या गावाचे रस्ते एवढे सरळ कसे. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, त्यातच पहिल्याचं उत्तर आहे.

रस्ते सरळ आहेत कारण ते मुद्दाम आखलेले आहेत. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमिनींच्या मोजणीत, लडलोचं नावही नाही. त्याच सुमारास द लेसी या सरदार घराण्याने वेल्सच्या सरहद्दीवर लक्ष ठेवायला टीम नदीच्या कड्यावर किल्ला बांधायला घेतला. पश्चिमेला आणि दक्षिणेला नदीचा वळसा, म्हणजे दोन बाजू आपोआपच राखलेल्या. मग किल्ल्याच्या दारापासून पूर्वेकडे, टेकडीच्या माथ्यावरून, ऐसपैस बाजारपेठ काढली आणि तिच्यातून नदीकडे उतरणारे मिल स्ट्रीट, ब्रॉड स्ट्रीट आखले. घरांच्या जागा तोंडाला अरुंद आणि मागे लांबच लांब, म्हणजे रस्त्यावरचं तोंड जास्तीत जास्त जणांच्या वाट्याला यावं.

आता किल्ल्यासमोरच्या कॅसल स्क्वेअरमधून पूर्वेकडे चालत जा. मोकळं पटांगण अचानक संपतं आणि हार्प लेन, चर्च स्ट्रीट अशा बोळांत आपण शिरतो. हा सगळा भाग मूळच्या बाजारपेठेवर उठलेला आहे. मालाची मांडणी ओळीने व्हायची, त्या ओळींवर छपरं आली, मग भिंती, मग वर मजले. म्हणूनच सेंट लॉरेन्स चर्चचा सुमारे ४१ मीटरचा मनोरा कोसावरून दिसतो, पण बाजारात उभं राहिलं की चर्चचं दार शोधावं लागतं. लडलोत मला सर्वांत आवडते ती हीच जागा. तिथे घाई करू नका.

या सगळ्याला पैसा पुरवला लोकरीने. सरहद्दीवरच्या या पट्ट्यातली लोकर मध्ययुगात इंग्लंडमधल्या उत्तम लोकरीत गणली जायची. लॉरेन्स ऑफ लडलो हा इथला व्यापारी इतका गब्बर झाला की त्याने जवळच स्टोकसे इथे तटबंदीचा वाडा बांधला. १२९४ मध्ये लोकर परदेशी नेताना तो समुद्रात बुडाला. गाडी असेल तर स्टोकसे चुकवू नका.

पुढे वेल्स आणि सरहद्दीचा कारभार पाहणारी परिषद किल्ल्यात बसू लागली. वकील, कारकून, पक्षकार यांच्या राबत्यावर गाव चाललं. १६८९ मध्ये परिषद मोडली आणि किल्ला ओसाड पडत गेला, पण गाव टिकलं. नंतर काही काळ हातमोज्यांचा धंदा जोरात होता. मोठे कारखाने मात्र कधी आले नाहीत, म्हणून जुनी घरं वाचली. ब्रॉड स्ट्रीटवरच्या कित्येक विटांच्या दर्शनी भिंतींमागे अजून जुना लाकडी सांगाडा उभा आहे. याच रस्त्याने ब्रॉड गेटच्या कमानीखालून उतरा. गावाभोवतीच्या जुन्या तटाच्या सात वेशींपैकी एवढी एकच शिल्लक आहे.

खाली लडफर्ड पूल ओलांडला की रस्त्याकडेच्या खडकात सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या माशांच्या अवशेषांचा पातळ थर आहे. भूशास्त्रात एका कालखंडाला लडलोचं नाव मिळालंय ते इथल्याच खडकांमुळे. तिथे खोदायला मनाई आहे, नुसतं बघा. मग व्हिटक्लिफच्या टेकडीवर चढा: किल्ला, मनोरा, बाजाराचा माथा सगळं एका नजरेत येतं.

बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो. यांपैकीच एखादा दिवस निवडा.