तुझ्या दोन्ही याद्या वाचल्या

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

होणाऱ्या बाळासाठी मुलाच्या नावांची वेगळी आणि मुलीच्या नावांची वेगळी अशा दोन्ही याद्या मिळाल्या. आपल्याकडे आधी कळत नाही आणि कळूही नये, तेव्हा दोन याद्या करणं भागच आहे. प्रत्येक नावापुढे अर्थ लिहिलास ते बरं केलंस. कुठलं नाव कुठून उचललंय हे त्यावरून लगेच कळतं.

'रेयांश, म्हणजे सूर्यकिरणाचा अंश' हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अंश आपला, पण हा 'रे' इंग्रजी किरणाचा दिसतो. रवीचा अंश म्हणायचं तर संधी होऊन 'रव्यंश' होईल, आणि ते काही तू ठेवणार नाहीस. 'अनय'पुढे तू 'श्रेष्ठ' लिहिलंयस. नय म्हणजे नीती, त्याला नकाराचा अ लागला की झाली अनीती. वामन शिवराम आपट्यांचा १८९०चा कोश अनयचा अर्थ अन्याय, संकट असाच देतो. राधेच्या नवऱ्याचं नाव म्हणून ते आपल्या कानावर असतं, म्हणून गोड वाटतं इतकंच. नावांच्या तयार याद्यांत प्रत्येक नावाचा अर्थ 'तेजस्वी', 'अद्वितीय' किंवा 'देवाची देणगी' असतो. इतके समानार्थी शब्द कुठल्याच भाषेत नसतात रे. कोश आता फोनवर उघडतो. तेही नको असेल तर दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे, एक शनिवार तिकडे काढ.

एवढं म्हटल्यावर आता उलटं सांगते. अर्थाच्या फार मागे लागू नकोस. अर्थ खरा असावा आणि वाईट नसावा, तेवढं पुरे. केदार म्हणजे पाणी दिलेलं शेत. मृणाल म्हणजे कमळाचा देठ. शर्वरी म्हणजे रात्र. या नावांत कुठे तेज, पराक्रम, यश आहे? तरी किती देखणी नावं आहेत. उलट सगळे सद्गुण कोंबलेलं नाव मला मुलाच्या पाठीवर आधीच चढवलेलं दप्तर वाटतं. वाईट अर्थ मात्र माणसाला सोडत नाही, हेही खरं. सातारा जिल्ह्यात २०११ साली 'नकुशा' नावाच्या २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली, ते तुला आठवत असेल. नको असलेली मुलगी म्हणून नकुशा. शाळेत रोज हजेरीला तेच ऐकायचं.

हजेरी म्हणाले म्हणून सांगते, नाव पारखायचं ते कानाने. माझं अर्धं आयुष्य हजेरी घेण्यात गेलं, त्यामुळे या बाबतीत माझं ऐकच. दुर्मिळ नाव म्हणजे सुंदर नाव, हा तुमच्या पिढीचा गैरसमज आहे. दुर्मिळ नाव म्हणजे बहुतेक वेळा जन्मभर दोनदा सांगावं लागणारं नाव. 'ऋत्विज' घे. यज्ञ करणारा पुरोहित, अर्थ उत्तम. पण बदली बाई आल्या की पहिल्या दिवशी तो 'ऋत्विक' होतो, दुसऱ्या दिवशी 'हृतिक', आणि तिसऱ्या दिवसापासून पोरगं स्वतःच दुरुस्त करायचं सोडून देतं. 'हृषीकेश' तर निम्म्या घरांतच 'ऋषिकेश' लिहितात. हृषीक म्हणजे इंद्रियं, त्यांचा ईश तो हृषीकेश. ऋषींचा इथे संबंध नाही.

त्यातून ही मुंबई. तुझं मूल मराठी शाळेत जाईल की इंग्रजी, ते तुम्ही ठरवा, पण शेजारी गुजराती असेल, वर्गात तमिळ असेल, बँकेत समोर हिंदी बोलणारा असेल. आपण ऋ चा उच्चार 'रु' करतो, हिंदीवाले 'रि' करतात. म्हणजे ऋतुजा, ऋजुता यांचं इंग्रजी स्पेलिंग घरी एक आणि बाहेर एक. ज्ञानदा मला फार आवडतं, पण ते आपण डी-एन-वायने सुरू करतो आणि समोरचा तिथेच अडखळतो. ठेवू नका असं म्हणत नाही. ठेवलंत तर स्पेलिंग एकदाच ठरवा आणि मग इकडची काडी तिकडे करू नका. कुणी अंकशास्त्रवाला एक जादा 'ए' घालायला सांगेल, त्याला चहा पाजून परत पाठव.

एक सोपी परीक्षा सांगते. इमारतीखाली उभा राहा आणि तिसऱ्या मजल्यावर हाक मार, मनातल्या मनात मारलीस तरी चालेल. 'सई' म्हटलं की शेवटची ई ओढता येते, हाक पोचते. रेवा, ओवी, अबोली, सायली, मल्हार, निनाद, सगळी पोचतात. जोडाक्षरावर संपणारं नाव जिन्यातच पडतं. तुझ्या यादीत 'सई' खाली, कंसात, प्रश्नचिन्ह लावून लिहिलंयस. जुनं वाटतं म्हणून ना? दोन अक्षरं, अस्सल मराठी, अर्थ मैत्रीण, आणि शिवाजी महाराजांच्या थोरल्या राणीसाहेबांचं नाव. मला विचारशील तर मुलींच्या यादीत तेच सगळ्यात वर हवं.

मग आडनावाशी जोडून बघ. सलील छान आणि लेलेही छान, पण 'सलील लेले' म्हणताना जीभ घसरते. 'अमेय मयेकर'चंही तेच. आता तर चार शब्द एकत्र म्हणून बघायला हवेत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्रात लागू झालाय. तुझ्या बायकोचं नाव चार अक्षरी आहे, तेव्हा बाळाचं दोन-तीन अक्षरी ठेवलंत तर तोल राहील.

घरच्यांचं म्हणशील तर भांडू नकोस. पत्रिकेतलं अक्षर हवं असा तुझ्या आईचा आग्रह असणार. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे एकशे आठ अक्षरं. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला 'ण' येतो आणि आर्द्राच्या तिसऱ्याला 'ङ'. सांग बघू 'ङ'वरून नाव! जुन्या शास्त्रातच यावर तोड आहे. तिथे एका मुलाला चार नावं सांगितली आहेत: कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. तेव्हा नक्षत्राचं अक्षर, पणजीचं नाव, जे जे कुणाला हवं ते बारशाला पाळण्यात घ्या. आत्या कानात कुर्रर्र करून सगळी सांगेल, घुगऱ्या वाटल्या जातील, सगळे खूश. कागदावर जाईल ते चौथं नाव मात्र तुम्ही दोघांनीच ठरवायचं.

कागदाचं नीट ऐक. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. रुग्णालयात बाळंतपण झालं तर माहिती तेच महापालिकेच्या वॉर्डाकडे पाठवतात. त्या वेळी नाव दिलंच पाहिजे असं नाही, रकाना रिकामा राहू शकतो. बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, नंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे बारशाची घाई नको, पण 'करू सावकाश' म्हणून वर्षही घालवू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, वाहन परवाना, सगळीकडे जन्मदाखलाच लागतो. एकदा नोंदलेलं नाव आवडलं नाही म्हणून बदलता येत नाही, नोंदीत चूक झाली असेल तरच दुरुस्ती होते. तेव्हा दाखला हातात आला की तिथेच उभं राहून मराठी आणि इंग्रजी, दोन्ही नावं अक्षर अक्षर लावून वाच. ऱ्हस्व-दीर्घ बघ. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या नावातली वेलांटी दाखल्यावर एक आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला दुसरी होती. दहावीचा फॉर्म भरायची वेळ आल्यावर ते कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि ऐन परीक्षेच्या वर्षी तिच्या वडिलांना दोन-दोन कचेऱ्यांत खेटे घालावे लागले.

मुलांच्या यादीतून रेयांश आणि अनय काढ, केदार आणि निनाद ठेव. 'विहान'ला माझी हरकत नाही, पहाट असा अर्थ खराच आहे, फक्त वर्गात आणखी दोघे विहान असतील याची तयारी ठेव. दोघांनी मिळून चार-पाच नावं उरवलीत की मला पाठव. कोशात बघून कळवते.

तुझ्या बायकोला जिना चढू देऊ नकोस म्हणणार होते, पण तुमच्याकडे लिफ्ट आहे.

बाईंचे आशीर्वाद