अटलांटा ब्रेव्हज या बेसबॉल टीमनी २०१८ ला रोनाल्ड अकुन्याला ओपनिंग डेला (सीझनच्या पहिल्या दिवशी) न घेता एप्रिलअखेर का बोलावलं?

मुख्य कारण कॉन्ट्रॅक्टचं गणित, त्याचा खेळ नाही. मेजर लीग (अमेरिकेतली टॉपची बेसबॉल लीग) आणि प्लेयर्स युनियनच्या करारातच आहे की टीमच्या रोस्टरवर, म्हणजे प्लेयर्सच्या यादीत, १७२ दिवस झाले की सर्व्हिसचं एक वर्ष धरतात, अशी ६ वर्षं भरली की प्लेयर फ्री एजंट, म्हणजे वाटेल त्या टीमकडे जायला मोकळा. सीझन १८६-१८७ दिवसांचा, मग पोराला सुरुवातीचे दोन-अडीच आठवडे मायनरमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, ठेवला की ते वर्ष भरत नाही आणि टीमला तो आणखी एक वर्ष हातात मिळतो, हिशोब एवढाच. अकुन्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये (सीझनआधीच्या सरावात) .४३२ च्या बॅटिंग अॅव्हरेजने धुवत होता तरी पाठवला ग्विनेटला, ब्रेव्हजच्या मायनर टीमकडे, मग २५ एप्रिलला सिनसिनाटीत लेफ्ट फील्डला डेब्यू, दुसऱ्याच दिवशी होमरन, आणि वर्षाअखेर रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा प्लेयर (आणि टीमच्या मते म्हणे अजून तयार नव्हता!). फक्त एक, ग्विनेटला सुरुवातीला त्याची बॅट खरंच थंड होती, त्यामुळे वरचे काही दिवस त्यापायीही गेले असतील. आणि हे जुन्या नियमांचं झालं, २०२२ च्या करारापासून रूकी अवॉर्डच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला उशिरा बोलावलं तरी पूर्ण वर्ष मिळतं.