आइसलँडच्या मध्ययुगीन सागा इतिहास मानायच्या की कल्पित कथा?

तुम्ही विचारलंय की आइसलँडच्या सागा, म्हणजे तिथल्या मध्ययुगीन गद्य कथा, आपल्या बखरींसारखा इतिहास आहेत की निव्वळ रचलेल्या गोष्टी, आणि अभ्यासकांचं यावर एकमत का होत नाही. या सागा मी गेली बरीच वर्षं इंग्रजी भाषांतरांतून वाचत आले आहे आणि त्यांच्याविषयीचं लेखनही मिळेल तसं वाचते. माझं मत आधीच सांगून टाकते. 'अमक्याने तमक्याला अमुक ठिकाणी मारलं' एवढ्यासाठी कोणत्याही सागेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पण डोक्यावर राजा नसलेला समाज भांडायचा कसा आणि ती भांडणं मिटवायचा कशी, हे समजून घ्यायला सागांइतकं भरवशाचं साधन मला दुसरं माहीत नाही.

सागा अनेक प्रकारच्या आहेत. नॉर्वेच्या राजांच्या आहेत, संतांच्या आहेत, राक्षस आणि ड्रॅगनच्याही आहेत. वाद आहे तो मुख्यतः चाळीसेक सागांवर, ज्यांना आइसलँडवासीयांच्या सागा किंवा घराण्यांच्या सागा म्हणतात. त्यांतल्या घटना साधारण इ.स. ८७० ते १०३० मधल्या, आणि लेखन मात्र तेराव्या-चौदाव्या शतकातलं. म्हणजे मध्ये दोन-अडीचशे, कुठे तीनशे वर्षांचं अंतर. बखरींशी तुलना इथेच अडते. सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला बखर लिहिली तेव्हा शिवाजी महाराजांना जाऊन वीस वर्षंही झाली नव्हती, आणि लेखक स्वतः त्या दरबारातला माणूस होता. बहुतेक सागांचा लेखक कोण हेच माहीत नाही. शिवाय त्यांतली पात्रं राजे नाहीत. मेंढ्या आणि गवताची कुरणं सांभाळणारे शेतकरी, त्यांच्या बायका, गडीमाणसं आणि भागातले वजनदार पुढारी यांच्या या कथा आहेत.

नॉर्वेतून आणि ब्रिटिश बेटांतून आलेल्या लोकांनी आइसलँड वसवलं आणि ९३० च्या सुमारास थिंगवेलिर इथे अल्थिंग ही सभा सुरू केली. कायदा होता, न्यायसभा होती, पण राजा, सैन्य, शिपाई काही नव्हतं. कायदा तोंडपाठ असलेला एक अधिकारी निवडत आणि तो दरवर्षी एक तृतीयांश असा तीन वर्षांत सगळा कायदा सभेपुढे म्हणून दाखवी. निकाल लागला तरी त्याची अंमलबजावणी जिंकणाऱ्यानेच करायची. प्रत्येक सागेच्या तळाशी हीच अडचण आहे.

एकोणिसाव्या शतकापर्यंत बहुतेक आइसलँडर या कथा घडलेल्याच मानत. हिवाळ्याच्या लांब रात्री घरातली माणसं लोकर विंचरत, सूत काढत बसत आणि एकजण मोठ्याने सागा वाचे. ओढा, टेकडी, शेत सगळं दाराबाहेर होतं, नावंही तीच होती, मग शंका कोण घेणार? पुढे विद्यापीठांत दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, कथा तोंडोतोंडी जवळजवळ तयार रूपात आल्या आणि कुणीतरी त्या उतरवून घेतल्या. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तेराव्या शतकातल्या लेखकांनी हाताशी असलेली साधनं घेऊन त्या टेबलाशी बसून रचल्या. या दोन भूमिकांना नावं दिली ती स्विस विद्वान आंद्रेआस हॉयस्लर यांनी, १९१३ च्या आसपास. ते स्वतः मौखिक बाजूचे होते.

हा वाद एका छोट्या सागेवर येऊन टेकला, ती म्हणजे ह्राफ्नकेलची सागा. ती थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. पूर्व आइसलँडमधला ह्राफ्नकेल हा पुढारी फ्रेय देवाचा निस्सीम भक्त. त्याने आपला आवडता घोडा देवाशी अर्धा वाटून घेतलाय आणि शपथ घेतलीय की परवानगीशिवाय जो त्यावर बसेल त्याला मारीन. त्याचा गरीब मेंढपाळ आइनार हरवलेल्या मेंढ्या शोधायला नेमका त्याच घोड्यावर बसतो, कारण बाकीचे घोडे त्या दिवशी हाती लागत नाहीत. ह्राफ्नकेल त्याला ठार करतो. मग एरवी कुणाला भरपाई न देणारा हा माणूस मुलाच्या बापाला म्हणतो, हे कृत्य मला खुपतंय, तुला जन्मभर काही कमी पडू देणार नाही. बाप नकार देतो. त्याला लवाद हवा, म्हणजे बरोबरीचा मान हवा. तो मान द्यायला ह्राफ्नकेल तयार नाही.

बापाचा पुतण्या साम हा खटला नाखुशीने हाती घेतो. अल्थिंगमध्ये कुणीही पाठीशी उभं राहत नाही, अगदी शेवटी पश्चिमेकडून आलेले दोन भाऊ मदतीला येतात आणि ह्राफ्नकेल बहिष्कृत ठरतो, म्हणजे त्याला कायद्याचं संरक्षण उरत नाही. ते भाऊ सामला बजावतात की त्याला मारून टाक. साम त्याचे हाल करतो, अब्रू घेतो, जमीन घेतो, पण जीव सोडतो. ह्राफ्नकेल दुसऱ्या खोऱ्यात जातो, देवांवरचा विश्वास टाकतो, लोकांशी नरमाईने वागायला शिकतो, पुन्हा मोठा होतो. सहा वर्षांनी सामचा भाऊ परदेशाहून परततो. या भांडणाशी त्याचा काडीचा संबंध नाही. ह्राफ्नकेल त्याला गाठून मारतो, सामला घराबाहेर काढतो आणि शेवटपर्यंत सन्मानाने जगतो. साम त्या दोन भावांकडे पुन्हा मदत मागायला जातो, तर ते म्हणतात, आम्ही तेव्हाच सांगितलं होतं.

लेखक एका शब्दानेही सांगत नाही की कोण बरोबर. माणसांच्या मनात काय चाललंय हेही सागा सहसा सांगत नाही. कोण काय म्हणालं, काय केलं, एवढंच. वाचणाऱ्याने बाकीचं ताडायचं. ह्राफ्नकेलला त्याच्या गर्वाची शिक्षा मिळाली असं वाचणारे आहेत, सत्ता मिळाल्यावर दया दाखवणं हाच सामचा गुन्हा असं वाचणारेही आहेत, आणि दोन्ही वाचनं टिकतात. मला ही सागा जागतिक गद्यातल्या मोजक्या निर्दोष रचनांपैकी वाटते.

आता अभ्यासाकडे. सागेचा हा आटोपशीरपणा, भूगोलाचे बारीक तपशील, हे सगळं खऱ्या आठवणीचं लक्षण मानलं जाई. १९४० मध्ये आइसलँडचे अभ्यासक सिगुर्दुर नॉर्दाल यांनी एक छोटा पण घाव घालणारा ग्रंथ लिहिला. त्यांनी दाखवलं की आइसलँडमध्ये आधी कोण कुठे वसलं याच्या जुन्या नोंदीत ह्राफ्नकेलच्या बापाचं नावच वेगळं आहे. ज्या दोन भावांवर सगळा खटला फिरतो, ते इतर कुठल्याच साधनात सापडत नाहीत. आणि भूगोलही जागोजाग जुळत नाही. निष्कर्ष असा की हा तेराव्या शतकातल्या एका समर्थ लेखकाचा कल्पनाविलास आहे. त्यानंतर कित्येक दशकं हेच मत चाललं, आणि १९३३ पासून निघू लागलेल्या प्रमाण आवृत्त्यांच्या मालेतल्या प्रस्तावनाही याच वळणाच्या राहिल्या.

या मताला काळाचाही आधार होता असं मला वाटतं. डेन्मार्कच्या सत्तेखालचं आइसलँड १९१८ मध्ये सार्वभौम झालं, १९४४ मध्ये प्रजासत्ताक. नव्या राष्ट्राला आपले पूर्वज चांगले साक्षीदार असण्यापेक्षा थोर लेखक असणं जास्त अभिमानाचं होतं. त्याने नॉर्दाल यांचे पुरावे खोटे ठरत नाहीत. पण 'इतर कुठे उल्लेख नाही म्हणजे लेखकाने रचलं' ही उडी मोठी आहे. १९७६ मध्ये अभ्यासक ऑस्कार हाल्डॉर्सन यांनी याच सागेबद्दल उलट मांडणी केली: बदलत जाणारी, विसरणारी, भर घालणारी मौखिक परंपरा अशीच दिसेल. आज दोन टोकांवर फारसं कुणी उभं नाही.

माझ्या मते खरी वाट काढली ती विल्यम इयन मिलर आणि जेसी बायॉक यांच्यासारख्या अभ्यासकांनी, १९८० नंतर. त्यांनी विचारलं, समजा घटना रचलेली असेल, तरी तिची रीत कुणी रचली? भरपाई किती मागायची, मध्यस्थ कोण व्हायचं, सूड ताबडतोब घ्यायचा की थांबायचं, बायकांनी पुरुषांना टोचून कधी उठवायचं, सभेत माणसं कशी जमवायची, हे सगळ्या सागांत एकसारखं येतं आणि 'ग्रागास' या जुन्या कायदेसंग्रहाशी ताडून पाहता येतं. त्या काळचा श्रोता हे नियम जगत होता. त्यात लेखकाला थापा मारता आल्या नसत्या.

शिवाय लेखक ज्या काळात बसून लिहीत होते तो काळ भयंकर होता. तेराव्या शतकात मोजकी घराणी एकमेकांच्या जिवावर उठली होती. इतिहासकार आणि कवी स्नोरी स्टुर्लुसन याला १२४१ मध्ये रेकहोल्टला त्याच्याच घरात मारलं, ते गिसूर थोर्वाल्डसनच्या माणसांनी. १२५३ मध्ये त्याच गिसूरच्या घराला, मुलाच्या लग्नसोहळ्यात, रात्री शत्रूंनी आग लावली. बायको आणि तीन मुलगे गेले, तो स्वतः आंबट निवळीच्या पिंपात लपून वाचला. १२६२ ते १२६४ मध्ये आइसलँड नॉर्वेच्या राजाखाली गेलं. न्यालची सागा लिहिली गेली ती यानंतर, साधारण १२८० च्या सुमारास, आणि तिच्या मध्यावर आहे एका शहाण्या कायदेपंडिताला कुटुंबासह घरात जाळण्याचा प्रसंग. तो १०१० च्या आसपास घडला असेलही. पण सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुसऱ्या आगी ताज्या होत्या, हे विसरून ती सागा वाचता येत नाही.

उलट बाजूचं एक उदाहरण द्यायलाच हवं. दोन सागांत ग्रीनलँडहून पश्चिमेला विनलँड नावाच्या देशात गेल्याची हकीगत आहे. त्यांपैकी एकीत एक पाय असलेला प्राणी बाण मारून माणसाला ठार करतो, त्यामुळे सगळंच दंतकथा म्हणून सोडून देणं सोपं होतं. १९६० मध्ये हेल्गे आणि आन स्टिने इंगस्टाड या दांपत्याला कॅनडाच्या न्यूफाउंडलँडमध्ये लान्स ओ मेडोज इथे नॉर्स (म्हणजे स्कँडिनेव्हियन) वस्तीच्या खुणा सापडल्या, आणि २०२१ मध्ये तिथल्या लाकडावरून समजलं की ती झाडं नेमकी १०२१ साली तोडलेली होती. एकपायी तिरंदाज आणि खरी सफर एकाच कातड्याच्या पानावर शेजारी बसू शकतात.

ही पानं आपल्यापर्यंत पोचली हीच नवलाची गोष्ट आहे. लेखकाच्या हातची मूळ प्रत एकाही सागेची उरलेली नाही. न्यालच्या सागेच्या साठेक हस्तलिखित प्रती आणि तुकडे आहेत, आणि सगळ्या नकला. वासराच्या कातड्यावर लिहीत, आणि फ्लातेयारबोक या एका मोठ्या ग्रंथाला शंभरावर वासरं लागली. पुढे छापील पुस्तकं आल्यावर जुनी कातडी पानं लोक वापरून टाकत. एक पान कपड्याच्या मापाचं कापलेलं मिळालंय, तर काही पानं बिशपच्या टोपीला कडकपणा आणायला आत शिवलेली होती. आर्नी माग्नुसन (१६६३–१७३०) हा कोपनहेगनमधला प्राध्यापक. १७०२ ते १७१२ डेन्मार्कच्या राजाच्या हुकमाने जमीननोंदणीसाठी आइसलँडभर फिरताना तो घरोघर अशी पानं गोळा करत गेला आणि त्याने कुठलंही चिटोरं क्षुल्लक मानलं नाही. १७२८ च्या कोपनहेगनच्या आगीत त्याची जवळजवळ सगळी छापील पुस्तकं जळाली, हस्तलिखितं बहुतेक वाचली. तो सवा वर्षात वारला आणि संग्रह विद्यापीठाला देऊन गेला.

स्वतंत्र झाल्यावर आइसलँडने हा ठेवा परत मिळावा म्हणून जोर लावला. डेन्मार्कमध्ये कायदे, कोर्टकज्जे झाले, आणि २१ एप्रिल १९७१ रोजी पहिले दोन ग्रंथ डॅनिश युद्धनौकेवरून रेकयाविकला उतरले तेव्हा बंदरावर प्रचंड गर्दी होती. हस्तांतर १९९७ पर्यंत चाललं. दुसऱ्यावर राज्य केलेल्या देशाने आपण होऊन असा ठेवा परत द्यावा, अशी उदाहरणं फार नाहीत.

लोकांना या कथा किती जिव्हाळ्याच्या, याची आणखी एक खूण. १९४१ मध्ये कादंबरीकार हाल्डॉर लाक्सनेस यांनी एक सागा आधुनिक शुद्धलेखनात छापायचं ठरवलं, तर संसदेने घाईने कायदा करून १४०० पूर्वीच्या ग्रंथांच्या प्रकाशनाचा हक्क सरकारकडे घेतला. लाक्सनेस आणि त्यांच्या सोबत्यांनी पुढच्या वर्षी ह्राफ्नकेलची सागा छापलीच. खटला झाला, आणि १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुद्रणस्वातंत्र्याच्या आधारावर त्यांना सोडलं. १९५५ मध्ये लाक्सनेसना नोबेल मिळालं. माझी सहानुभूती पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे. कोट्यवधींच्या भाषेतही जुन्या ग्रंथांचं सोवळं पाळणारे असतात, पण तिथे ते वाचायला सोपे करणं हाच गुन्हा ठरला होता.

वाचायचं असेल तर ह्राफ्नकेलपासून सुरुवात करा, एका बैठकीत संपते. मग लाक्सदाला: त्यात गुद्रून नावाच्या बाईला म्हातारपणी मुलगा विचारतो की तू सर्वांत जास्त प्रेम कुणावर केलंस, आणि ती नाव न घेता म्हणते, ज्याच्यावर सर्वांत जास्त प्रेम केलं त्याच्याशी मी सर्वांत वाईट वागले. न्याल शेवटी ठेवा, ती मोठी आहे आणि पहिल्या पन्नास पानांत नावांची गर्दी आहे. वंशावळी वगळू नका. कोण कुणाचा मेहुणा आहे हे लक्षात नसेल तर पुढे कोण कुणासाठी शस्त्र उचलतो ते कळत नाही. इंग्रजीत १९९७ मध्ये या सगळ्या सागांचा पाच खंडी संच निघालाय, आणि निवडक सागा स्वस्त कागदी बांधणीतही मिळतात. नकाशा जवळ ठेवा, कारण बहुतेक शेतं आजही त्याच नावाने तिथेच आहेत.