तुमचे प्रश्न, माझे सिनेमे

‘आवडत्या सिनेमांबद्दल काहीही विचारा’ असं मागच्या अंकात लिहिलं आणि तुम्ही खरंच काहीही विचारलंत. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यामुळे जे प्रश्न वाचून मीच जरा अडकले ते घेतलेत.

प्रश्न: ताई, तुम्ही नेहमी दुसऱ्यांच्या आवडीवर बोलता, स्वतःचे आवडते सिनेमे कधी सांगत नाही. पाच नावं द्या, आणि का आवडतात तेही सांगा.

पाचच का, हा प्रश्न बाजूला ठेवते आणि देते नावं. ‘पथेर पांचाली’, ‘टोकियो स्टोरी’, ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’, ‘द लंचबॉक्स’ आणि आपला ‘कोर्ट’. पुढच्या महिन्यात विचारलंत तर यातली एक-दोन बदललेली असतील, पहिलं मात्र हलणार नाही.

आता का आवडतात. ‘पथेर पांचाली’मधला तो सीन आठवा, हरिहर कित्येक दिवसांनी घरी येतो, मुलगी गेलीय हे त्याला माहीतच नाही, खुशीत आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवत असतो आणि मग त्या मुलीसाठी, दुर्गासाठी आणलेली साडी बायकोच्या, सर्वजयाच्या हातात देतो. ती तिथं कोसळते. आणि तिचा टाहो आपल्याला ऐकूच येत नाही, त्याच्या जागी तारशहनाई हे तंतुवाद्य वाजतं, बस. सत्यजित राय यांचा हा पहिलाच सिनेमा, 1955 सालचा, आणि पहिल्याच सिनेमात एवढा मोठा क्षण आला असताना नटीचा आवाज काढून टाकायचा ही हिंमत कुठून आली असेल याचा मी अजूनही विचार करते. ते रडणं ऐकू आलं असतं तर मी सर्वजयाचं रडणं ऐकलं असतं. ऐकू येत नाही म्हणून मला माझ्या ओळखीचं कुणाचं तरी ऐकू येतं.

या पाचही सिनेमांत असंच काहीतरी आहे बघा. मुख्य गोष्ट एकतर दाखवलेलीच नाही, किंवा दाखवलीय पण पात्रांना नाही, फक्त आपल्याला. ‘लंचबॉक्स’मध्ये चुकीच्या माणसाकडे पोचलेल्या डब्यातून एकमेकांना चिठ्ठ्या लिहिणारे इला आणि साजन समोरासमोर भेटतच नाहीत. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी तर दिसतही नाहीत, फक्त भारती आचरेकरांचा आवाज, आणि तरी त्या बाईचं आख्खं आयुष्य, अंथरुणाला खिळलेला नवरा, त्याची त्या पंख्यावरून न हलणारी नजर, सगळं आपण बघून आल्यासारखं वाटतं. साजन एकदा लिहितो की बाथरूममध्ये मला आजोबांचा वास यायचा तसा वास आला आणि मग कळलं की तो माझाच आहे. म्हातारपणावर याच्यापेक्षा नेमकं मी पडद्यावर फार कमी ऐकलंय, आणि तेही इरफानच्या आवाजात.

सगळं समजावून सांगणारे सिनेमे मलाही बघायला आवडतात, पण ते घरी माझ्याबरोबर येत नाहीत.

प्रश्न: ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’च्या शेवटी मी दर वेळी रडतो. तसं बघितलं तर शेवटी काही वाईट होत नाही, उलट मुलगा शर्यत जिंकतो. मग रडू का येतं? मी जरा जास्तच हळवा आहे का?

हळवे असाल तर असाल, त्यात काय एवढं, पण इथं दोष तुमचा नाही, दिग्दर्शक माजिद माजिदींचा आहे! 1997 चा सिनेमा. अली नावाच्या पोराकडून धाकट्या बहिणीचे, झाहराचे बूट हरवतात, घरी सांगायची सोय नाही, म्हणून दोघं भावंडं एकाच जोडीवर शाळा करतात. पळण्याच्या शर्यतीत तिसऱ्या नंबरला बूट मिळणार म्हणून अली पळतो, आणि चुकून पहिला येतो. सगळे त्याला उचलून घेतायत, फोटो काढतायत आणि त्याच्या डोळ्यांत पाणी. इथंच अर्धे लोक जातात.

पण मला विचाराल तर खरा घाव त्याच्या नंतर आहे. एका छोट्याशा शॉटमध्ये वडिलांची सायकल दिसते आणि त्यावर नवे बूट, म्हणजे बूट घरी यायला निघालेले आहेत. हे आपल्याला कळलंय आणि अलीला नाही, तो बिचारा फोड आलेले पाय अंगणातल्या हौदात सोडून बसलाय, मासे पायांशी गोळा झालेत आणि सिनेमा संपतो. वडील घरी पोचले, बूट दिले, पोरं नाचली, असलं काही दाखवलंच नाही. तुम्ही रडता कारण तुम्हाला ओरडून सांगायचं असतं की अरे थांब, बूट येतायत, आणि सांगता येत नाही.

याच्या उलट तो प्रकार, जिथं पात्राने नुसती मान खाली घातली की मागे पन्नास व्हायोलिन सुरू होतात. तिथं मला रडू यायच्या ऐवजी राग येतो, मला काय वाटायला हवं हे सांगायला तुम्ही कोण.

प्रश्न: मॅडम, ‘टोकियो स्टोरी’ तुमच्या सांगण्यावरून लावला आणि झोपलो. एवढं काय आहे त्यात?

झोपलात तर झोपलात, दिग्दर्शक ओझूंनी काही हजेरी घेतलेली नाही.

पण अजून एकदा लावणार असाल तर एक करून बघा, म्हाताऱ्या आईवडिलांकडे बघू नका, मुलांकडे बघा. म्हातारा-म्हातारी लांबून मुलांना भेटायला टोकियोला येतात आणि मुलांना वेळ नाही, एवढीच गोष्ट, त्यामुळे पहिल्यांदा बघताना आपण सरळ आईवडिलांच्या बाजूने उभे राहतो आणि ती थोरली मुलगी शिगे तर डोक्यातच जाते. आई जाऊन थोडा वेळ झालेला नाही आणि ही तिचे कपडे मागते! पण नीट बघितलं तर शिगेचं पार्लर आहे, गिऱ्हाइकं आहेत, थोरला मुलगा डॉक्टर, आईवडिलांना फिरायला न्यायच्या दिवशीच पेशंटकडून बोलावणं येतं. कुणीच दुष्ट नाही हो त्यात. प्रत्येकाचं त्या त्या दिवशीचं कारण खरं आहे, आणि खऱ्या कारणांची बेरीज अशी होते. युद्धात गेलेल्या मुलाची बायको नोरिको, जिचा रक्ताचा संबंधच नाही, तीच फक्त सुट्टी काढून त्यांना शहर दाखवते, आणि शेवटी धाकटी नणंद भावंडांवर चिडते तेव्हा त्यांची बाजूही हीच घेते. धाकटी विचारते की आयुष्य निराशच करतं का, तर नोरिको झालेली सेत्सुको हारा हसून हो म्हणते. ते हसू बघायला तरी जागे राहा.

आणि हो, कॅमेरा कायम खाली, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षाही खाली, आणि जवळपास कधीच हलत नाही. आपल्याला सवय असते कॅमेराने हात धरून न्यायची, इथं तो नेत नाही म्हणून झोप येते. वडिलांचं काम करणारा चिशू र्‍यू तेव्हा पन्नाशीचाही नव्हता हे कळल्यावर मी तो सिनेमा परत फक्त त्याच्या पाठीकडे बघत बघितला, तो उठतो कसा, बसतो कसा, एवढंच.

प्रश्न: माझा सगळ्यात आवडता सिनेमा ‘अशी ही बनवाबनवी’. ग्रुपमध्ये सांगितलं तर सगळे हसले, म्हणे काहीतरी सिरियस सांग. तुम्हाला काय वाटतं?

मला वाटतं ग्रुप बदला. गंमत केली, पण खरंच, हसवणारा सिनेमा आवडता म्हणून सांगायला आपल्याला लाज का वाटावी? 1988 पासून लोक तो परत परत बघतायत, संवाद पाठ आहेत, पुढच्या वाक्याआधीच लोक हसतात. पाठ असलेल्या विनोदावर परत हसू येणं ही साधी गोष्ट नाही, कारण विनोदातलं आश्चर्य कधीच संपलेलं असतं आणि जे उरतं ते टायमिंग. अशोक सराफांकडे बघा त्यात, बाकी सगळे उड्या मारत असताना हा माणूस सगळं सांभाळून न्यायच्या धडपडीत आहे, खोटं बोलतो आणि ते खोटं निस्तरता निस्तरता घामाघूम होतो, हसू त्याच्या त्या घामाचं आहे.

आणि सिरियसच हवं असेल तर हे सांगा त्यांना, की त्या सिनेमाच्या तळाशी राहायला जागा नसलेली चार पोरं आहेत. लग्न झालेल्यांनाच खोली मिळणार म्हणून दोघांना साड्या नेसाव्या लागतात. हृषिकेश मुखर्जींच्या 1966 च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली गोष्ट, नावातच घर आहे. एवढं दुःख खाली असूनही सिनेमा एकदाही थांबून आपल्याला ते ऐकवत नाही.

वर मी ज्या पाच नावांचं कौतुक केलं त्यात हे नाव नाही, कारण हा मला एकटीने बघायचा सिनेमाच वाटत नाही. घरात चार माणसं जमलेली असतात, कुणीतरी लावतो, कुणी जेवताजेवता बघतं, कुणी मधूनच येऊन बसतं. तो आवडतो तेव्हा सिनेमाबरोबर ती माणसंही आवडत असतात. त्याची जातच वेगळी आहे, खालची नाही.

प्रश्न: परदेशी सिनेमा डब केलेला बघावा की सबटायटल लावून?

सबटायटल. आवाज हा अर्धा अभिनय असतो. लहान मुलांसोबत बघत असाल तर डब चालेल.

प्रश्न: ‘कोर्ट’चा शेवट कळला नाही. केस राहिली बाजूला आणि तो जज पिकनिकला काय जातो?

मला तर वाटतं आख्खा सिनेमा त्या पिकनिकसाठीच आहे. लोकशाहीर नारायण कांबळेंवर आरोप काय, तर त्यांच्या गाण्यामुळे एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. तारखांवर तारखा पडतात, मग कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, लोक बाहेर पडतात, दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काळा होतो. कुठल्याही दुसऱ्या दिग्दर्शकाने तिथं नावं वर सरकवली असती, थिएटरमध्ये लोक उठायलाही लागतात. चैतन्य ताम्हाणे मात्र पुढे जातो आणि जजसाहेबांना सहलीला नेतो. तिथं ते मित्रमंडळींना सल्ले देतात, बाकावर डुलकी काढतात, पोरं येऊन ओरडून उठवतात आणि हे त्यातल्या एकाला थोबाडीत देतात. बाकीची पळून जातात, मार ज्याला बसला तो बसला.

ज्या माणसाच्या हातात कांबळेंचं आयुष्य आहे तो झोपमोड झाल्यावर काय करतो हे बघितलंत ना, मग निकाल दाखवायची गरज काय उरली. सरकारी वकील बाईंचंही तेच, गीतांजली कुलकर्णी कोर्टात कलमं वाचून दाखवते, लोकलनं घरी जाते, स्वयंपाक करते, सुट्टीला घरच्यांना घेऊन नाटकाला जाते, तुमच्या-माझ्यासारखीच आहे ती आणि म्हणूनच मला त्या सिनेमाची भीती वाटते. शत्रू म्हणून बोट दाखवायला कुणी ठेवलेलाच नाही.

प्रश्न: लहानपणी जीव टाकला असा सिनेमा परवा पुन्हा बघितला आणि अगदीच फालतू वाटला. फसवल्यासारखं झालं.

परत बघू नका. तेव्हा आवडला होता ते खरंच होतं, आत्ताच्या तुम्हाला तो तपासायला कुणी सांगितलंय?

प्रश्न: पडद्यामागच्या गोष्टी वाचल्या की सिनेमाची मजा जाते का?

सिनेमा बघायच्या आधी वाचल्या तर जाते, नंतर वाचल्या तर माझी तरी वाढते. ‘पथेर पांचाली’तला काश नावाच्या गवताच्या पांढऱ्या फुलांतला सीन घ्या, अपू आणि दुर्गा धावत जाऊन आगगाडी बघतात तो. थोडं शूटिंग झालं आणि पुढच्या वेळी युनिट तिथं गेलं तर फुलं गुरांनी खाऊन टाकलेली. मग पुन्हा फुलं येईपर्यंत पुढच्या मोसमाची वाट बघावी लागली. पैसे तर नव्हतेच, शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले तेव्हा सिनेमा पुरा झाला. कॅमेरामन सुब्रत मित्र, विशीतला पोरगा, त्याने आधी सिनेमाचा कॅमेरा चालवलेलाच नव्हता. हे सगळं कळल्यावर मी तो सीन बघते तेव्हा मला ती पोरं धावताना दिसतात आणि त्यांच्यामागे वाट बघून बघून दमलेली सगळी मंडळीही दिसतात, आणि सीनचं काही बिघडत नाही.

प्रश्न: माझ्या नवऱ्याला सिनेमाची अजिबात आवड नाही, म्हणतो दोन तास वाया. त्याला दाखवण्यासाठी एकच सिनेमा सुचवा.

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’, 1957 चा. दीड तासाच्या जरा वरच आहे म्हणजे दोन तासांची तक्रारही मिटली. बारा ज्युरी, एक खोली, एका पोरावर खुनाचा आरोप, अकरा जण म्हणतात दोषी आणि एकटा हेन्री फोंडा म्हणतो जरा बोलूया. ना गाणं ना मारामारी, पण नवरोबा उठणार नाहीत याची खात्री देते, कारण पंधराव्या मिनिटाला ते स्वतः वाद घालायला लागलेले असतात. दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने एक लबाडी केलीय, सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या नजरेच्या वर ठेवला, मग हळूहळू खाली आणला आणि लेन्सही अशा बदलत नेल्या की भिंती जवळ येत गेल्यासारख्या वाटतात, त्यामुळे शेवटाकडे आपल्यालाच कोंडल्यासारखं होतं. हे त्यांना आधी सांगू नका. पोराने खून केला होता की नाही हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही, हे तर मुळीच सांगू नका, आणि संपल्यावर त्यांनी ‘मग केला होता का त्याने?’ असं विचारलं तर समजा की पुढच्या शनिवारी ‘कोर्ट’ लावायला हरकत नाही.