थार लांबली, पण थारच राहिली का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

महिंद्राची पाच दारांची थार रॉक्स ऑगस्ट 2024 मध्ये आली. तेव्हापासून आलेल्या पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत विचारली जाते: ही खरी थार आहे, की थारचं तोंड लावलेली घरगुती गाडी? म्हणून यावेळी फक्त याच विषयावरची पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या घरी 2012 ची थार आहे. आता रॉक्स घ्यायचा विचार आहे. पण वडील म्हणतात, मागे दारं लावली की जीप संपली. त्यांचं बरोबर आहे का?
— एक वाचक, जुन्नर

वडिलांची शंका रास्त आहे, पण ती दारांवरून घेणं बरोबर नाही. लांब जीप या कंपनीला नवी नाही. मुंबईत माझगावला विलीज जीप जोडण्यापासून महिंद्राच्या गाड्यांची सुरुवात झाली आणि पुढे आखूड जीपच्या बरोबरीने लांब चेसिसच्या जीपही निघत राहिल्या. मागे समोरासमोर बाकडी असलेली कमांडर आठवा. वडाप म्हणून गावोगाव माणसं वाहिली ती अशाच लांब गाड्यांनी. त्यामुळे ‘लांब म्हणजे परकी’ हे म्हणणं इतिहासाला धरून नाही.

खरी फारकत झाली ती 2020 मध्ये. तुमच्या 2012 च्या थारला मागे पाटे आहेत, पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी पीळ घेणाऱ्या दांड्या) आहेत आणि मागची माणसं बाकड्यावर समोरासमोर बसतात. 2 ऑक्टोबर 2020 ला आलेल्या थारमध्ये चारही कोपऱ्यांत कॉइल स्प्रिंग आल्या, पेट्रोल इंजिन आलं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला, पक्कं छप्पर आलं आणि मागची सीट पुढे तोंड करून बसली. त्यापुढे रॉक्सने टाकलेलं पाऊल लहान आहे.

आता मापं पाहू, कारण या वादाचं उत्तर त्यांतच आहे. तीन दारांची थार 3985 मि.मी. लांब आहे आणि तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यातलं अंतर, 2450 मि.मी. आहे. रॉक्सची लांबी 4428 आणि व्हीलबेस 2850. म्हणजे गाडी 443 मि.मी. वाढली, त्यातले 400 मि.मी. दोन चाकांच्या मधे गेले. चाकांच्या पुढे आणि मागे लोंबणारा भाग दोन्हीकडचा मिळून फक्त 43 मि.मी. वाढला. स्कॉर्पिओ-एन रॉक्सपेक्षा बरीच लांब आहे, 4662 मि.मी., तरी तिचा व्हीलबेस 2750 च आहे. चाकं इतकी कोपऱ्यात ढकलणं आरेखनकाराला सोपं नसतं, आणि ते मुद्दाम केलेलं आहे. म्हणूनच रॉक्स चढाच्या तोंडाशी नाक घासत नाही: पुढून चढण्याचा कोन 41.7 अंश आणि मागून उतरण्याचा 36.1 अंश आहे, जवळपास तीन दारी थारइतकाच. पाण्यातून जाण्याची मर्यादाही दोघींची 650 मि.मी. आहे.

गमावलं आहे ते पोटात. उंचवटा ओलांडताना मधला भाग टेकू नये यासाठीचा कोन तीन दारी थारचा 27 अंश आहे. रॉक्सचा 24 च्या आसपास आहे. आणि वळायला जागा जास्त लागते. चाकं तेवढ्याच कोनात वळत असतील, तर व्हीलबेस 16 टक्के वाढला की वळणाची त्रिज्याही साधारण तेवढीच वाढते.

बाकी हाडं तीच आहेत. वेगळी लॅडर फ्रेम, म्हणजे शिडीसारखा सांगाडा, आहे, मागे एकसंध अ‍ॅक्सल आहे. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या व्हेरियंटमध्ये लो रेंजचा ट्रान्सफर केस आहे, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी आणि हळू वेगात जोर वाढवणारी पेटी. मागच्या अ‍ॅक्सलला पाच दांड्यांची जोडणी आणि वॉट्स लिंकेज दिलं आहे. त्यामुळे चाक खड्ड्यात वरखाली होताना अ‍ॅक्सल डावीउजवीकडे सरकत नाही आणि गाडी मागून ‘शेपूट हलवत’ नाही. तीन दारी थारमध्ये मागचा माणूस जवळजवळ अ‍ॅक्सलवरच बसतो, म्हणून खड्डा थेट पाठीत लागतो. रॉक्समध्ये तो अ‍ॅक्सलच्या पुढे बसतो. वाढलेल्या 400 मि.मी.चा सर्वांत मोठा फायदा हाच आहे, आणि तो सामान ठेवायच्या जागेपेक्षा मोलाचा आहे.

आमचं मत स्पष्ट आहे. डिझेल फोर बाय फोर रॉक्स ही थारच आहे. वडिलांना गाडीखाली वाकून बघायला सांगा, दारांकडे नको.

प्रश्न : मग पेट्रोल रॉक्सचं काय? ती तर फक्त मागच्या चाकांवर चालते.
— एक वाचक, पुणे

रॉक्स आली तेव्हा फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये ठेवली होती. पेट्रोल रॉक्सला लॅडर फ्रेम आहे, उंची आहे, पण लो रेंज नाही. सुकलेला कच्चा रस्ता, घाट, गावाकडची वाट यांना ती पुरते. ओल्या काळ्या मातीत मात्र तिची अवस्था कुठल्याही मागच्या चाकावरच्या गाडीसारखी होते: डिकी रिकामी असली की मागच्या टायरवर वजन कमी, टायरच्या खाचा मातीने भरतात आणि चाक जागेवर फिरत खाली जातं. तिला आम्ही थारच्या कुळातली म्हणू, पण थारचं काम तिच्याकडून मागू नये. तीन दारी थारमध्येही जानेवारी 2023 पासून मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती मिळते. म्हणजे ही सवलत रॉक्सने सुरू केलेली नाही.

प्रश्न : शेताकडे जाणारी पाणंद अरुंद आहे आणि मधे दोन बांध लागतात. रॉक्सचं पोट टेकेल का, हे गाडी घेण्याआधी कसं कळणार?
— एक वाचक, कराड तालुका

घरच्या घरी मोजता येतं. दोन सरळ काठ्या घ्या. जमिनीपासून 20 सें.मी.वर दोन्हींना खूण करा आणि त्या खुणांना 2.85 मीटर लांबीची सुतळी ताणून बांधा. दोघांनी काठ्या उभ्या धरून, गाडीची चाकं जातील त्या रेषेने नव्हे तर दोन चाकोऱ्यांच्या मधून, बांध ओलांडायचा. काठ्यांचं टोक मात्र शेजारच्या चाकोरीच्या पातळीवर ठेवायचं, कारण मधला भाग बहुतेक वेळा उंच असतो. सुतळी कुठेही मातीला लागली तर गाडीचं पोटही लागणार असं समजा. मग सुतळी 2.45 मीटर करून तोच बांध पुन्हा ओलांडा. दुसऱ्या खेपेला सुटली आणि पहिल्या खेपेला अडकली, तर तुमच्यासाठी तीन दारी थारच योग्य.

20 सें.मी. ही खूण आम्ही जाणूनबुजून कमी धरली आहे. पाच माणसं आणि खताच्या दोन गोण्या चढल्या की मागची बाजू बसते, आणि कागदावरची उंची रिकाम्या गाडीची असते.

बांध थोडक्यात अडत असेल तर गाडी सरळ न नेता तिरकी न्या, म्हणजे एका वेळी एकच चाक चढेल. पण तिरकं नेताना एक चाक हवेत राहू शकतं. उघड्या डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी जोडणी) तेच चाक नुसतं फिरत राहतं आणि गाडी जागेवर थांबते. अशा वेळी मागच्या डिफरन्शियलचं लॉक उपयोगी पडतं. ते प्रत्येक व्हेरियंटमध्ये असेल असं गृहीत धरू नका, बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या. लॉक लावून पक्क्या रस्त्यावर वळू नका. दोन्ही चाकं सारखीच फिरतात, आतलं टायर घासतं आणि अ‍ॅक्सलवर ताण येतो.

पाणंदीच्या वळणाचंही बघा. वळणाच्या दोन्ही बाजूंना दगड किंवा काटेरी कुंपण असेल तर लांब गाडीचं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा बरंच आतून जातं. आखूड गाडीच्या सवयीने वळवलं की मागचं दार कुंपणाला लागतं. रॉक्सच्या फोर बाय फोरमध्ये कमी वेगात आतलं मागचं चाक ब्रेकने धरून गाडी जवळच्या जवळ फिरवण्याची सोय आहे. ती मऊ जमिनीसाठी आहे. खडीवर किंवा डांबरावर तिचा वापर म्हणजे टायरचा नाश.

प्रश्न : चार मीटरची मर्यादा ओलांडल्यामुळे गाडी महाग झाली ना?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

समज अर्धवट आहे. लहान गाडीचा कर मिळायला लांबी 4000 मि.मी.च्या आत हवी आणि इंजिनही लहान हवं, डिझेल असेल तर 1500 सीसीपर्यंत. म्हणून तीन दारी थारमध्येही तो दर फक्त 1.5 लिटर डिझेलला लागू होतो. 22 सप्टेंबर 2025 पासून ही तफावत 18 आणि 40 टक्के जीएसटी अशी आहे. 2.2 लिटर डिझेल किंवा 2 लिटर पेट्रोल तीन दारी थार घेतली तरी दर रॉक्सचाच.

प्रश्न : छप्पर काढता येत नाही, तर तिला थार का म्हणावं?
— एक वाचक, म्हापसा

ही उणीव खरी आहे आणि ती आम्हालाही खटकते. कापडी छपराची थार ही या नावाची जुनी खूण. रॉक्सला फक्त पक्कं छप्पर आहे. कारण समजण्यासारखं आहे: लांब आणि मागेही दारं असलेल्या गाडीचं वरचं कवच काढलं की तिचा ताठरपणा राखायला खाली बरंच पोलाद घालावं लागतं. अपघातातल्या सुरक्षेसाठीही पक्कं छप्पर सोयीचं. रॉक्सला नोव्हेंबर 2024 मध्ये भारत एनकॅप या अपघात-चाचणीत पाच तारे मिळाले. तीन दारी थारला 2020 मध्ये ग्लोबल एनकॅपचे चार मिळाले होते. दोन चाचण्यांचे नियम सारखे नाहीत, तेव्हा तारे थेट तोलू नयेत. तीन दारी गाडी आजही मिळते, पण उघड्या जीपचा वारा हवा असेल तर कापडी छप्पर मिळतं का ते आधी विचारून घ्या. स्कॉर्पिओ-एन आल्यावर जुनी स्कॉर्पिओ क्लासिक नावाने ठेवली, तशीच मोठी थार आल्यावर धाकटीही ठेवली. मोठं मॉडेल धाकट्याच्या जिवावर उठत नाही, तोवर नावाला धोका नाही असं आम्हाला वाटतं.

प्रश्न : सुझुकीची जिम्नीही अशीच लांबवली होती. तिचं काय झालं?
— एक वाचक, नागपूर

तिथेही गणित तेच. तीन दारी जिम्नीचा व्हीलबेस 2250 मि.मी., पाच दारीचा 2590. पोटाचा कोन 28 अंशांवरून 24 वर आला. भारतात ती पाच दारीच मिळते. जपानमध्ये हीच भारतात बनलेली गाडी जिम्नी नोमाड या नावाने जानेवारी 2025 मध्ये जाहीर झाली, चार दिवसांत सुमारे 50,000 मागण्या आल्या आणि सुझुकीला नोंदणी थांबवावी लागली. जिम्नीला ओळख देणारे दोन्ही एकसंध अ‍ॅक्सल, लॅडर फ्रेम आणि लो रेंज यांना हात लावलेला नाही. फोर्सने गुरखा पाच दारी केली तेव्हाही पुढचं आणि मागचं, दोन्ही लॉक जसेच्या तसे ठेवले. तिन्ही गाड्यांचं सूत्र एकच: जागा वाढवा, पण यंत्रणा सोडू नका.

प्रश्न : टेस्ट ड्राइव्हमध्ये नेमकं काय तपासावं? शोरूमवाले मोठ्या रस्त्यावरून फिरवून आणतात.
— एक वाचक, नाशिक

गाडी तुमच्याच गावातल्या कारखान्यातून निघते, तेव्हा घाईने घेऊ नका. डिझेल फोर बाय फोरच मागा. पेट्रोल चालवून डिझेलचा निर्णय घेऊ नये. मागच्या सीटवर घरातलं सर्वांत वयस्कर माणूस बसवा, कारण लांबलेल्या गाडीची परीक्षा तिथे आहे. एका गतिरोधकावरून ताशी 20 ने आणि मग 35 ने जा. पहिला धक्का नव्हे, त्यानंतर गाडी किती वेळा डुलते ते मोजा. एकदा डुलून थांबली तर ठीक.

मग घराच्या फाटकातून आत घ्या आणि रिव्हर्सने बाहेर काढा. तुमच्या गल्लीत एका दमात वळली नाही तर रोज दोनदा मागेपुढे करावं लागणार, हे तेव्हाच कळेल.

शेवटी मातीची मोकळी जागा शोधून गाडी पूर्ण थांबवा, न्यूट्रलला घ्या आणि 4L (चारही चाकं, लो रेंज) लावा. लीव्हर अडला तर जोर लावू नका. गाडी हातभर पुढेमागे सरकवली की दाते जुळतात. 4L मध्ये चढावर ब्रेक सोडून बघा, इंजिन गाडी धरतं का. तिथून डांबरावर येण्याआधी 2H ला (फक्त मागची चाकं, नेहमीची रेंज) परत आणा. या यंत्रणेत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधे डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, कोरड्या डांबरावर टायर घसरत नाहीत आणि तो फरक प्रॉपेलर शाफ्ट व ट्रान्सफर केसमध्ये पीळ होऊन साठतो. स्टीअरिंग जड लागणं, गाडी अडखळणं, लीव्हर न सुटणं ही त्याची लक्षणं. असं झालं तर थोडं सरळ रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो.

आणि फिकट रंगाच्या सीटना कव्हर घालणार असाल तर एक बघा: सीटच्या बाजूला एअरबॅग आहे. तिथली शिवण सुटणारी नसेल तर एअरबॅग वेळेवर उघडणार नाही. एअरबॅगसाठी जागा सोडलेलंच कव्हर घ्या.