‘एझा’तला सॅक्स वाजवणारा आणि ‘नेफर्टिटी’ रचणारा वेन शॉर्टर एकच कसा?

तुम्ही लिहिलंय की स्टीली डॅन या अमेरिकन रॉक बँडच्या ‘एझा’ गाण्यातला सॅक्सोफोन ऐकून तुम्ही तो वाजवणाऱ्या वेन शॉर्टर या जॅझवाल्याच्या नादी लागलात. मग मोठ्या उत्साहाने ‘नेफर्टिटी’ लावलं, तर सात-आठ मिनिटं तीच चाल, सोलो आलाच नाही. आता विचारताय, लोकप्रिय गाण्यात वाजवणारा खरा की हे प्रयोग करणारा?

मी नागपुरात सतरा वर्षं ऑर्केस्ट्रात टेनर सॅक्सोफोन वाजवला आहे. संगीताचं शास्त्र मला फारसं येत नाही. जे वाजवताना आणि मार खाताना कळलं, तेवढंच सांगतो.

आधी ‘नेफर्टिटी’. १९६७ चं रेकॉर्डिंग, रचना शॉर्टरची. तो आणि ट्रंपेटवाला माइल्स डेव्हिस मिळून १६ मापांची (बारची) एकच चाल फिरून फिरून वाजवतात. खाली टोनी विल्यम्सचे ड्रम्स, रॉन कार्टरचा बास आणि हर्बी हॅन्कॉकचा पियानो खळखळत असतो. पहिल्यांदा मीही वैतागलो होतो. मग एका दुपारी नागपूरच्या महाल भागात आमच्या तबलजीकडे बसलो असताना त्याला ते ऐकवलं. त्याने दोनेक आवर्तनं मांडीवर माप धरलं आणि म्हणाला, “अबे, हा तर लेहरा होय! तू बाजेवाल्याकडे काहून पाहून राह्यला? ड्रमवाल्याकडे पाय ना!”

झालं, माझं काम झालं. तबल्याच्या सोलोत हार्मोनियमवाला तासभर तोच लेहरा धरून बसतो, त्याला कोणी कंटाळवाणा म्हणत नाही, कारण आपले कान तबल्यावर असतात. शॉर्टरने जॅझमध्ये नेमकी ही उलटापालट केली. एरवी सॅक्स-ट्रंपेटवाले रंगात येतात आणि ड्रमवाला जमीन सांभाळतो. इथे चाल स्थिर राहते आणि जमीनच हलते. अर्थात लेहरा एकदम चोख लागतो, नाहीतर तबलजीची सम हुकेल. हे दोघं मात्र मध्येच एकमेकांपासून किंचित सुटतात, एकाच्या मागून दुसऱ्याची सावली यावी तसे. आता परत ऐका, आणि यावेळी ड्रम्स ऐका.

एवढ्या मोठ्या प्रयोगाच्या मध्यभागी त्याने ठेवलं काय, तर गुणगुणता येईल अशी एक चाल. मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. चालीवरचा त्याचा हात कधी सुटला नाही, आणि पॉप गाण्यात शिरला तेव्हा प्रयोगाची खोडही सुटली नाही. ‘एझा’मध्येच बघा ना, मधल्या भागात गाणं बाजूला सरतं आणि तो आणि ड्रमर स्टीव्ह गॅड समोरासमोर येतात. सुरुवात मोजक्या सुरांनी, मग दोघं मिळून चढत जातात. रेडिओवर वाजणाऱ्या रेकॉर्डमध्ये एवढी मोकळी जागा मिळणं आणि ती न घाबरता वापरणं, दोन्ही दुर्मीळ.

आम्हाला ऑर्केस्ट्रात आठ मापं मिळायची. त्यातही हिंदी सिनेमाच्या मूळ रेकॉर्डवर सॅक्सोफोनवाले मनोहारी सिंग यांनी जे वाजवलं असेल तेच, तसंच हवं. एक सूर इकडचा तिकडे झाला की पहिल्या रांगेतून ओरड. (मे महिन्यात लॉनवरच्या लग्नात सूर आपोआप चढायचा, सॅक्सच्या तोंडाची पट्टी, म्हणजे रीड, वाळून कडक व्हायची, ते दुःख वेगळंच.) त्या आठ मापांत मी जमतील तितके सूर कोंबायचो. १९९० च्या आसपास सीताबर्डीवर मला शॉर्टर ज्यात वाजवायचा त्या वेदर रिपोर्ट बँडच्या ‘हेवी वेदर’ची कॅसेट मिळाली. त्यातली ‘अ रिमार्क यू मेड’ ही त्याच बँडच्या जो झाविनुलची संथ रचना मी आमच्या उस्तादांना ऐकवली. ते बँडमधले जुने क्लॅरिनेटवाले, जॅझ वगैरे काही माहीत नाही. शॉर्टरचा टेनर संपेपर्यंत गप्प बसले, मग म्हणाले, “हा गाऊन राह्यला बे. तू निस्ता मोजून राह्यला.” आठवडाभर मी सॅक्स बाहेर काढला नाही.

‘हेवी वेदर’ १९७७ चं, ‘एझा’ १९७७ चं, आणि गायिका जोनी मिचेलच्या अल्बमवर शॉर्टरने पहिल्यांदा वाजवलं तेही १९७७ मध्येच. तिच्याकडे तर पुढे कित्येक वर्षं वाजवत राहिला. ठुमरीत गाणारी शब्द सोडते आणि सारंगी ती जागा हलकेच भरते, तसा तो तिच्या ओळींच्या मधून येतो-जातो. त्याआधी १९७५ मध्ये ब्राझीलचा गायक मिल्टन नासिमेंतो याला घेऊन केलेला ‘नेटिव्ह डान्सर’ हा अल्बम आहे. तुमच्यासाठी पुढचा मुक्काम तोच ठेवा.

सगळंच सोनं नाही हं. १९८७ चा ‘फँटम नेव्हिगेटर’ मला आजही झेपत नाही, सिंथेसायझरच्या थराखाली माणूस सापडत नाही. पण २००० पासूनचं त्याचं चौकडीचं काम ऐका, पियानोवर डॅनिलो पेरेझ, बासवर जॉन पॅटिटुची, ड्रम्सवर ब्रायन ब्लेड. जुनी चाल कधी येईल, किती येईल, काही ठरलेलं नसतं. २०१८ चा ‘एमानॉन’ हा तीन डिस्कचा अल्बम तर चित्रकथेसकट आला. इंग्रजीतलं ‘नो नेम’ उलटं वाचा, अल्बमचं नाव मिळेल. तेव्हा हा गृहस्थ ८५ वर्षांचा होता. २ मार्च २०२३ ला गेला.

तो बौद्ध होता हे सांगितलं की आमच्या इकडे लोकांचे डोळे चमकतात. पण त्याचा पंथ जपानचा निचिरेन, दीक्षाभूमीशी धागा जोडायला जाऊ नका. नागपूरजवळ कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर जपानी मदतीतून उभं राहिलं, तेवढ्यावर गप्पा मारायला हरकत नाही.

तुम्ही स्वतः वाजवता असं शेवटी लिहिलंय, तर शॉर्टरचीच ‘फूटप्रिंट्स’ ही रचना घ्या. सी मायनरमधला ब्लूज, टेनरवर बोटं डी मायनरची पडतील. सहाच्या मापात आहे, त्यामुळे दादरा धरणारा कोणीही मित्र चालेल. माझा तबलजी आता पुण्याला मुलाकडे असतो. रविवारी व्हिडिओ कॉलवर ठेका देतो, तो अर्धा सेकंद उशिरा पोहोचतो, आणि मी चुकलो असं म्हणून तिकडून शिव्या घालतो.